पंचामृतात न्हालेली चावी

संगणक दुरुस्त करायला बाई आली की दार उघडणारा माणूस आधी तिच्या पाठीमागे बघतो. खरा इंजिनिअर अजून जिन्यात असेल आणि ही नुसती बॅग घेऊन पुढे आली असेल, असा त्याचा समज. बडोद्यात मी हा धंदा तीसेक वर्षं केला, अजूनही अधूनमधून करते, पण ती नजर काही गेली नाही. पूर्वी मला राग यायचा. पुढे मी स्वतःच मागे वळून बघायला लागले आणि "नाही, कोणी नाही, मीच," असं सांगून आत शिरायला लागले. आत शिरलं की पाणी येतं, चहा येतो आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं: "मीनलबेन, अमे कंई कर्युं नथी, एनी मेळे बगडी गयुं." आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यापासून मांजलपूरच्या दोन खोल्यांपर्यंत सगळीकडे बिघाड आपोआपच होतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संगणकाचा डबा, पडदा, कीबोर्ड हे सगळं म्हणजे नुसतं बांधकाम. त्यात राहायचे नियम ठरवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. कोणी कुठून आत यायचं, काय उघडायचं, काय नाही, हे तिच्या हातात. डेस्कटॉपच्या दुनियेत अशा तीन मोठ्या. विंडोज म्हणजे आपला सोसायटीतला फ्लॅट. पैसे तुम्ही भरलेत, राहता तुम्ही, पण सेक्रेटरीच्या मनात आलं की तो पाण्याची लाइन बंद करून काम काढतो, आणि तुम्ही आत साबण लावून उभे. त्याला अपडेट म्हणतात. मॅक म्हणजे बंगला. संगमरवरी, शांत, कुंड्या एका रांगेत. फक्त भिंतीला खिळा मारायचा नाही, आणि दिवा गेला तर दिवाही त्यांच्याकडूनच घ्यायचा. लिनक्स म्हणजे गावाने मिळून बांधलेलं घर. नकाशा दारावरच लावलेला, कोणीही बघा, कोणीही खोली वाढवा, पैसे नाहीत. नळ गळायला लागला तर मात्र प्लंबर येत नाही. पंधरा माणसं येतात, नळ कोणत्या पद्धतीने गळतोय यावर आपसात भांडतात आणि जाताना तुम्हालाच विचारतात की इतकी वर्षं तुम्ही पाना धरायला का शिकला नाहीत. नकाशा उघडा आहे की कपाटात बंद, यालाच या धंद्यात मोकळेपणा म्हणतात. तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सिस्टिम बरी असते हो. भक्त वाईट. मकरपुऱ्यात एक शेठ होते, व्हॉल्व्ह बनवायचे. त्यांच्या ऑफिसातलं विंडोज शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेल्या सीडीवरचं. मी म्हटलं, स्टोअरच्या मशीनवर लिनक्स टाकूया, चोरीचं नको. त्यांनी भाव विचारला. मी सांगितलं, फुकट आहे. शेठचा चेहरा पडला. फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं त्यांचं म्हणणं. विंडोज फुकट वापरायला त्यांना अडचण नव्हती, कारण ते मुळात महाग होतं आणि त्यांनी ते फुकट मिळवलं होतं, त्यात कर्तृत्व होतं. जे मुळातच फुकट, ते घेण्यात कसली आलीय मर्दुमकी? शेवटी मी माझी मजुरी फुगवून तिला "लिनक्स, विशेष आवृत्ती" असं नाव दिलं. शेठनी घासाघीस करून ती खाली आणली आणि प्रसन्न झाले. ते मशीन अजून चालतंय म्हणे.

दुसरे एक आर्किटेक्ट. त्यांच्याकडे मोठा थोरला मॅक, येणाऱ्याला मागचं सफरचंद दिसेल असा फिरवून ठेवलेला. त्याच्या पोटात त्यांनी मला विंडोज बसवायला लावलं, कारण त्यांच्या हिशेबनिसाचं सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नव्हतं. क्लायंट आला की हिशेबनिसाने झटकन ते झाकायचं आणि डोंगराचं चित्र पुढे करायचं. घरात उपास आणि कोपऱ्यावर भजी, तसला प्रकार. आणि तिसरे आपलेच, एक मराठी प्राध्यापक. लिनक्सचे कट्टर. बंद फॉरमॅटमधली फाईल उघडणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नाची पत्रिका तशा फाईलमध्ये आली म्हणून त्यांनी ती "कृपया मुक्त फॉरमॅटमध्ये पाठवावी" असं लिहून परत केली. बहिणीने परत पाठवली नाही. हे लग्नाला गेले नाहीत. बहीण अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि मोकळेपणावरचं त्यांचं व्याख्यान अजून संपलेलं नाही.

मी तिन्ही पंथांची सेवा केली आणि एकाचीही दीक्षा घेतली नाही. पोट भरलं, हसू आलं, संध्याकाळी घरी आले. पण एका कामात मी अशी काही गुंतले की दुसऱ्याच्या घरात जाऊन भांडून आले. ते आप्पांचं काम.

आप्पा आमच्याच सोसायटीत राहतात. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले त्याला जमाना झाला. त्यांचे खापरपणजोबा संस्थानात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आडनाव सांगत नाही, कारण कुळ मोठं आहे आणि दिवाळी अंक सगळे वाचतात. तर हे आप्पा त्यांच्या कुलवृत्तान्ताचे संपादक. कुलवृत्तान्त म्हणजे कोण कोणाचा मुलगा, कुठे शिकला, काय झाला, याचं जाडजूड पुस्तक. लोक ते विकत घेतात, आपलं पान वाचतात, त्यात चूक काढतात आणि कपाटात ठेवून देतात. पहिली आवृत्ती फार पूर्वी निघाली. त्यानंतर दुसऱ्या आवृत्तीसाठी आप्पा पत्रं लिहीत, फोन करत, माणसं जोडत बसले होते, आणि आता ती पुरी होत आली होती.

हे सगळं त्यांनी ज्या संगणकावर केलं त्याचं विंडोज इतकं जुनं की इंटरनेटने त्याला वाळीत टाकलं होतं. त्यावर मराठी छपाईचं एक सॉफ्टवेअर. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. त्या सॉफ्टवेअरबरोबर एक चावी मिळाली होती, अंगठ्याएवढी, डोंगल म्हणतात तिला. ती संगणकाच्या पाठीत खोचलेली असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. नसेल तर तुम्ही स्वतः लिहिलेलं तुम्हालाच दाखवायचं नाही. मी आप्पांच्या मागे लागले होते, की हे सगळं साध्या, कुठेही उघडेल अशा फाईलमध्ये काढून घेऊया. आप्पा ऐकायचे नाहीत. त्याला कारण होतं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी नागपूरचे एक चुलतभाऊ परस्पर छापखान्यात गेले आणि आपल्या आजोबांना कारकुनाचे दिवाण करून आले. छापून आल्यावर कळलं. दिवाण झालेल्या माणसाला परत कारकून कसं करणार? तेव्हापासून आप्पांचं ठाम मत, की मोकळं सोडलं की माणसं पूर्वज सुधारायला लागतात, कुलूप आहे तेच बरं.

आप्पांना एकच मुलगी, नंदा. माझ्याच वयाची. पहिली आवृत्ती सगळी तिने टाइप केली, त्याच सॉफ्टवेअरवर. शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती तेव्हा तिने लग्न केलं, बडोद्याजवळच्या सावली गावच्या भरतभाई पटेलांशी. आप्पा काही महिने बोलले नाहीत. मग नातवंडं झाली, बर्फ वितळला. आज आप्पांना डोळ्याच्या डॉक्टरकडे स्कूटरवरून कोण नेतं, तर भरतभाई. शेतातली तूर आणि वांगी कोण आणून टाकतं, तर भरतभाई. पण कुळाचा नियम असा होता, की मुलीने बाहेर लग्न केलं तर तिचं नुसतं नाव छापायचं. नवरा नाही, गाव नाही, मुलं नाहीत. घरात जावई चालत होता, पुस्तकात चालत नव्हता. नंदाने कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. एकदाच, स्वयंपाकघरात चहा गाळताना मला म्हणाली, "सगळ्या कुळाची नावं मी टाइप केली, मीनल. माझ्या नावापुढचा पूर्णविरामसुद्धा मीच टाइप केला."

आता दसरा. बडोद्यात दसऱ्याला संगणकाची पूजा होते हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतरचा आठवडा म्हणजे माझी सुगी. कीबोर्डातून अक्षता काढा, पंख्यातून आपट्याची पानं काढा, सीडीच्या खाचेतून झेंडू काढा. आप्पा दरवर्षी नुसतं कुंकवाचं बोट लावायचे. पण त्या वर्षी पुस्तक पुरं झालं होतं. दिवाळीनंतर बडोद्यातच कुलसंमेलन, त्यात प्रकाशन, परदेशातून माणसं तिकिटं काढून बसलेली. विकणाऱ्याने फार वर्षांपूर्वी आप्पांना सांगितलं होतं की ही चावी म्हणजे सॉफ्टवेअरचा प्राण आहे. तेव्हा प्राणाची साग्रसंगीत पूजा झाली पाहिजे असं आप्पांच्या मनात आलं. त्यांनी डोंगल काढलं, ताम्हनात ठेवलं, पंचामृताने अभिषेक केला, शुद्धोदकाने धुतलं, मऊ फडक्याने पुसलं, गंध लावलं आणि परत संगणकाच्या पाठीत खोचलं. चट्ट असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

मी गेले तेव्हा आप्पा खुर्चीत बसून होते, सोवळं अजून नेसलेलं. चावीला मधाचा आणि तुपाचा वास येत होता.

"आप्पा, दहीसुद्धा घातलंत?" मी विचारलं.

"पंचामृत आहे ते. दह्याशिवाय कसं होईल?"

मी ती चावी खोलली, पुसली, सुकवली, माझ्याजवळच्या सगळ्या विद्या चालवून बघितल्या. प्राण गेला तो गेला. आप्पांनी ती देवघरात बाळकृष्णाशेजारी नेऊन ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की पुढचं संमेलन व्हायला अजून बरीच वर्षं जातील, ते काही त्यांना दिसणार नाही. ऐंशी ओलांडलेला, हृदयाची एक दुरुस्ती झालेला माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला.

कुळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्याच्या पुतण्याने लिहिलं, मॅक घेतला असता तर ही वेळच आली नसती. ठाण्याचा म्हणाला, विंडोज नव्याने टाका, सगळं जागेवर येईल. टाकलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं, पण आत्मविश्वास दांडगा. बंगळूरच्या एकाने सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर मोठा लेख लिहिला आणि शेवटी नमस्काराचे दोन हात टाकले. मग तिघं एकमेकांवर घसरले, जुनी वाटणीची भांडणं वर आली, एकाने ग्रुप सोडला. आप्पांच्या घरी मात्र कोणी आलं नाही. मी ग्रुपमध्ये नव्हते. नंदा मला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

मी संगणकातली डिस्क काढली आणि माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला जोडली. तत्त्व वगैरे काही नाही. लिनक्स जे दिसेल ते मुकाट्याने दाखवतं, हे कोणाचं, परवानगी आहे का, असलं विचारत बसत नाही, म्हणून. त्या सॉफ्टवेअरचं कुलूप मला फोडायचं नव्हतं, आप्पांचा मजकूर तेवढा आप्पांना द्यायचा होता. फाईली सुखरूप होत्या, पण उघडल्या की पडद्यावर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, टिंबं, रेघा. जुन्या मराठी फाँटची हीच गंमत होती. आत अक्षर परकंच असायचं, वरून मराठी मुखवटा घातलेला. तो मुखवटा सॉफ्टवेअरजवळ राहिला आणि सॉफ्टवेअर चावीबरोबर गेलं. आता कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर, हे ज्याला माहीत असेल तोच वाचवणार.

नंदाला बोलावलं. तिने चष्मा लावला, पडद्याकडे बघत राहिली. मग तिची बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. बोटं थांबली आणि ती म्हणाली, "हे गणेश आहे. ह्याच्या पुढचं सदाशिव." डोकं विसरलं होतं, बोटं विसरली नव्हती. ती बोटांनी टाइप करून अक्षर सांगायची, मी खुणेपुढे ते लिहायची. असा सगळा तक्ता झाला तेव्हा मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळं कुळ त्यातून काढलं. पहिल्यांदा फार विनोदी निघालं. वेलांट्या भलत्याच्या डोक्यावर, रफार उडालेले, एका वकिलाचं शिक्षण त्याच्या सासऱ्याला गेलेलं. मग नंदा रोज दुपारी वडिलांच्या जेवणाच्या टेबलावर बसून पान पान नीट करायला लागली. तिच्या घरचा फराळ त्या वर्षी झाला नाही. भरतभाईंनी दुकानातून तयार चिवडा आणला आणि मराठी चिवड्याला तोड नाही हे त्यांना तेव्हा कळलं, असं ते अजून सांगतात.

एका दुपारी ती स्वतःच्या पानावर आली. मी शेजारीच होते. नंदा, आणि पुढे पूर्णविराम. तिने वेलांट्या तपासल्या, पान ठीक आहे म्हणाली आणि पुढे गेली. माझ्याच्याने नाही जाववलं. आप्पा समोर पेपर वाचत होते. मी विचारलं, हे असंच छापणार का?

"नियम माझा नाही, कुळाचा आहे. समितीने केलेला."

"समितीत कोण कोण आहे?"

आप्पांनी पेपर खाली घेतला. "दोघं वारले. नागपूरच्याला ऐकू येत नाही."

"म्हणजे तुम्ही एकटेच उरलात."

मग मात्र माझी जीभ सुटली. मी म्हटलं, आप्पा, जन्मभर मी एकच उत्तर ऐकतेय. बँकेत जा, वीज कंपनीत जा, काउंटरवरचा माणूस पडद्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, सिस्टिम अलाउ करत नाही. जशी काही सिस्टिम आभाळातून पडली. अहो, ती कोणीतरी बसवलेली असते, आणि बसवणाऱ्याला बदलताही येते. या मुलीच्या बोटांत तुमचं अख्खं कुळ आहे आणि तिच्या पोरांना तुमच्या पुस्तकात जागा नाही, लाज वाटायला पाहिजे. असं सगळं बोलले. आप्पा उठले आणि आत जाऊन झोपले. नंदा माझ्यावरच उखडली, तू तुझी मशिनं बघ, माझी वकिली कोणी सांगितली तुला? मी बॅग उचलून घरी आले. वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी काम संपलं. मी आप्पांना त्यांचं पुस्तक दाखवलं. माझ्या लॅपटॉपवर उघडलं, मग नंदाच्या घरच्या विंडोजवर, मग भरतभाईंच्या फोनवर. सगळीकडे तेच, स्वच्छ मराठी. आप्पा फोन हातात धरून आपल्या खापरपणजोबांना बोटाने वर-खाली करत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे कोणीही उघडेल?"

"कोणीही."

"आणि बदलेल?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू? आप्पांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी गॅलरीत बसलेल्या भरतभाईंना हाक मारली. जावयाला ते गुजराती रीतीने भरतकुमार म्हणतात. त्यांना विचारलं, तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव काय, आजोबांचं काय, मूळ गाव सावलीच का? भरतभाईंना वाटलं इस्पितळाचं काही असेल. "आप्पा, मेडिक्लेमचा काम आहे?" म्हणत त्यांनी सगळी नावं सांगितली आणि वर आपला रक्तगटही सांगून टाकला.

"रक्तगट नको," आप्पा म्हणाले. आणि नंदाकडे वळून म्हणाले, "लिही."

ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. नंदा, पती भरत, सासरे, मूळ गाव, मुलगी काय शिकली, मुलगा कुठे नोकरीला, सगळं मुलांच्या नोंदी असतात तस्संच, एका शब्दाचीही काटकसर नाही. मुलाच्या नावाशी आल्यावर नंदाची बोटं थांबली. तिला पडदा दिसेना. आप्पा थांबून राहिले. तिने पदराने चष्मा पुसला, उरलेलं लिहिलं आणि सवयीने शेवटची कळ दाबायला गेली.

"पूर्णविराम नको," आप्पा म्हणाले. "पुढे जागा सोड. नातसून यायचीय."

भरतभाई मागे उभे होते. त्यांना मराठी वाचता येतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ते परत गॅलरीत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी निघायची तयारी केली तेव्हा आप्पांनी मला जवळ बोलावलं. "मीनल, आता ह्याला कुलूप लाव," म्हणाले. "मी गेल्यावर हिला कोणी काढायला नको."

मोकळेपणाच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. प्राध्यापक असते तर तिथेच व्याख्यान झालं असतं. मी नुसती बॅग खाली ठेवली. परत बसले, मूळ प्रतीला चांगलं भक्कम कुलूप घातलं आणि पासवर्ड नंदाच्या कानात सांगितला.